अंगठ्यासाठी कोमट पाणी

गुरुवारी सकाळी सात वाजता डॉ. शैलजा देवरे वारल्या. त्या दिवशी माझा डायलिसिसचा वार होता. मी पावणेआठला सिल्वासातल्या टोकरखाड्यात त्यांच्या दवाखान्यात पोहोचलो. शटर अर्धं वर होतं.

वाकून आत गेलो, तर मंगूसिस्टर नोंदणीच्या टेबलाशी उभी होती. मंगूसिस्टर जवळच्या गलोंडा गावची, दवाखाना सुरू झाला त्या दिवसापासूनची नर्स. ती म्हणाली, "सर, मॅडम गेल्या. सकाळी. हार्ट." मी म्हणालो, "सोमवारी तर त्या मला चहावरून बोलल्या होत्या." या वाक्याला काही अर्थ नव्हता, हे मला बोलता बोलताच कळत होतं. सिस्टर टेबलावरचं जर्मनचं पातेलं माझ्याकडे सरकवत म्हणाली, "हात धुवा, सर. आठ वाजत आले." पातेल्यात रोजच्यासारखं कोमट पाणी होतं. मी अंगठा बुडवला, पुसला, हजेरीच्या यंत्रावर ठेवला. अंगठा जुळला. वापीहून दुसऱ्या डॉक्टरांना तिने फोन करून बोलावून घेतलं होतं, ते वाटेत होते. पाचही खाटांवर माणसं आली होती आणि कोणालाही 'आज राहू दे' म्हणता येत नव्हतं. रक्त गुरुवारपर्यंत थांबतं, शुक्रवारपर्यंत थांबेल याचा भरवसा नसतो.

डॉक्टर दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर राहत. त्या दिवशी आमच्या डोक्यावर चार तास पावलं वाजत होती. खुर्च्या सरकवल्याचे आवाज, कोणीतरी मोठ्याने फोनवर पुण्याच्या गाडीची चौकशी करत असलेलं, मग एकदम शांतता... खाली यंत्रं चालू. माझ्या डाव्या हातात दोन सुया होत्या आणि मी छताकडे पाहत होतो. त्या चार तासांतला माझा पहिला विचार मी इथे लिहिणार आहे, कारण तो लपवून बाकीचं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिला विचार त्यांचा नव्हता. 'आता कागदांवर सही कोण करणार?' हा होता. आणि त्यापाठोपाठ, 'सोमवारी शटर वर असेल का?'

पावणेबाराला त्यांना खाली आणलं. जिन्यावरून थेट रस्त्याकडे जाता येतं, पण मंगूसिस्टरने घरच्यांना विनंती केली आणि त्यांना क्षणभर आमच्या वॉर्डाच्या दारात थांबवलं. आम्ही पाच जण उभे राहू शकत नव्हतो. शेजारच्या खाटेवरच्या हिलालभाऊंनी सुया नसलेला हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. मग बाकीच्यांनीही केला.

या गोष्टीला आता पाच-सहा आठवडे झाले.

मी सिल्वासातल्या एका खासगी मराठी शाळेत शिकवत असे. निवृत्तीनंतर पेन्शन नाही. पुस्तकं मात्र पुष्कळ आहेत. पाय सुजायला लागले तेव्हा ते जास्त चालण्याने असेल असं समजून मी वर्षभर काढलं. शेवटी बायकोने ओढून या दवाखान्यात आणलं. डॉक्टर मूळच्या सटाण्याकडच्या. नवऱ्याला इथल्या औद्योगिक वसाहतीत इंजिनियरची नोकरी लागली म्हणून आल्या, आणि नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. त्यांनी माझे रिपोर्ट पाहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "सर, चहा किती?" मी म्हणालो, "अर्धा कप." "अर्धा कप कितीदा?" मी बायकोकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाल्या, "त्यांच्याकडे बघू नका, त्या माझ्या बाजूच्या आहेत." मग आवाज न बदलता त्यांनी मला सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली आहेत, आता आठवड्यातून दोनदा यंत्रावर यावं लागेल, आणि सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड असेल तर त्यासाठी मला काही द्यावं लागणार नाही. "कार्ड आहे ना?" त्यांनी विचारलं. कार्ड होतं. त्या दिवसापासून मी त्या कार्डाला घराच्या कागदपत्रांपेक्षा जास्त जपत आलो आहे.

ज्यांना याचा अनुभव नाही, त्यांच्यासाठी सांगतो. योजनेत प्रत्येक डायलिसिसमागे दवाखान्याला एक ठरलेली रक्कम मिळते. ती मिळण्यासाठी रुग्ण खरोखर आला होता याची खूण लागते, आणि ती खूण म्हणजे यंत्रावरचा अंगठा. आता आमच्या दवाखान्यात येणारी माणसं कोण? नंदुरबार-धुळ्याकडून आलेली, वीस-वीस वर्षं धाग्याच्या कारखान्यात काढलेली. वासोण्याच्या बाजूची शेतात राबणारी. हिलालभाऊ शहाद्याचे, धागा गुंडाळण्याच्या यंत्रावर उभे राहून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या गेल्या होत्या. त्यांचा अंगठा यंत्र ओळखतच नसे. तीनदा, चारदा, पाचदा लाल दिवा लागे आणि हिलालभाऊ चोरी पकडल्यासारखे उभे राहत. डॉक्टरांनी ग्लिसरीन लावून पाहिलं, खोबरेल लावून पाहिलं. शेवटी घरून हे कडेला चेपलेलं पातेलं आणलं आणि कोमट पाण्यात अंगठा दोन मिनिटं बुडवायचा, टॉवेलने चोळून कोरडा करायचा आणि मग यंत्रावर ठेवायचा, अशी रीत बसवली. बहुतेक वेळा जुळायचा. पाणी फार गरम असलं तर कातडी सुरकुतते, गार असलं तर उपयोग नाही, म्हणून त्या पाणी कोपराने पाहत. बाळाच्या अंघोळीचं पाहतात तसं. सुरुवातीला तर हिलालभाऊंचा अंगठा त्या स्वतः चोळायच्या. एकदा हिलालभाऊ म्हणाले, "मॅडम, मना सासरानी बी मना पाय असा नही धोयात." डॉक्टर म्हणाल्या, "सासऱ्याला कार्डाचे पैसे मिळत नव्हते, भाऊ. मला मिळतात."

आणि पाण्यानेही अंगठा जुळला नाही तर? तर त्या डायलिसिस करायच्याच. ते योजनेत दाखवायच्या नाहीत, इतकंच. त्यांच्याकडे एक वेगळी वही होती, त्यात नाव आणि वार लिहून ठेवायच्या.

मग दर कमी होणार असल्याचं पत्र आलं. सोमवार होता. मी यंत्रावर होतो आणि डॉक्टर माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या. पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मी काही विचारलं नाही. मला भीती वाटते तेव्हा मी विचारत नाही. त्याच म्हणाल्या, "या दरात फिल्टर, औषधी पाणी आणि वीज यांचंच भागेल. सिस्टरचा पगार, आरओ... नाही बसत." "मग?" "मग छोटे दवाखाने योजनेतून बाहेर पडतील. वापीच्या रस्त्यावरची मोठी हॉस्पिटलं राहतील." त्यांनी वॉर्डभर नजर फिरवली. वासोण्याहून येणाऱ्या माणसाला आधीच एक रिक्षा आणि एक बस लागते. डायलिसिस झाल्यावर पाय लटपटतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तिथून पुढे आणखी वापी, आठवड्यातून दोनदा... काही जण जातील. काही जण एक वार चुकवतील, मग दुसरा. हे त्यांनी मोठ्याने म्हटलं नाही. वॉर्डातल्या प्रत्येकाला ते कळलं होतं.

त्या रविवारी दुपारी गावातले सात-आठ डॉक्टर त्यांच्या दवाखान्यात जमले. अर्ज लिहायला म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं, मी कोपऱ्यात वही घेऊन बसलो. एक डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस कार्डवाले पेशंट बंद ठेवू. मग बघा कसे धावत येतात." पुष्कळांनी माना डोलावल्या. माझं पेन थांबलं. दोन दिवस हे शब्द आम्हाला वेगळे ऐकू येतात. देवरे मॅडम म्हणाल्या, "कोण धावत येणार? साहेब येत नाहीत. हिलालभाऊ येतो, आणि त्याला धावता येत नाही." कोणीतरी हसलं. त्या हसल्या नाहीत. "डोळ्याचं ऑपरेशन दोन दिवस पुढे जाऊ शकतं. माझं काहीही पुढे जात नाही. तुम्हाला बंद ठेवायचं तर ठेवा, माझं शटर वर राहील. आणि मी अर्ज करीन." "अर्जाने काय होतं, मॅडम?" "माहीत नाही. पण अर्जाने कोणी मरत नाही."

अर्ज आम्ही माझ्या दोन-तीन वारांत मिळून लिहिला. डाव्या हाताला सुया असतात, उजवा मोकळा असतो. त्या मराठीत सांगायच्या, मी हिंदीत उतरवायचो, कारण योजनेच्या कचेरीत मराठी कोण वाचणार? मी सुरुवात केली की त्या थांबवायच्या. "सर, ते 'सविनय' आणि 'महोदय के संज्ञान में' जरा कमी करा. मी लिहिलं की भांडण होतं, म्हणून तुम्हाला बसवलंय. तुम्ही लिहिलं की आरती होते." दर वाढवून मागायचाच नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. एका डायलिसिसला काय काय लागतं तेवढंच लिहायचं. किती पाणी, ते कसं शुद्ध होतं, फिल्टर कितीदा वापरता येतो आणि त्यापलीकडे वापरला तर काय होतं, चार तास एक नर्स कुठेही का हलू शकत नाही. "वाचणाऱ्याला आपलं रडगाणं नको, सर. त्याला खोलीत आणून बसवायचं." मी इतकी वर्षं मुलांना निबंध शिकवला, पण असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

घरी बसून पक्की प्रत मी केली. आणि शेवटी एक ओळ माझ्या मनाने घातली.

अर्ज फार कोरडा वाटत होता मला. इतकं करणाऱ्या बाईबद्दल त्यात एक शब्द नव्हता. मी लिहिलं की ज्या रुग्णाचा अंगठा जुळत नाही, त्याचंही डायलिसिस डॉक्टर थांबवत नाहीत, ते योजनेत न दाखवता स्वतःच्या पदरच्या पैशाने करतात. हिंदीत ती ओळ फार चांगली उतरली होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टर घाईत होत्या, त्यांनी पहिली दोन पानं वाचली आणि तिसऱ्यावर सही केली.

वीस-बावीस दिवसांनी कचेरीचं उत्तर आलं. दराबद्दल त्यात काही नव्हतं. त्यात माझी ओळ होती. योजनेच्या रुग्णांवर नोंद न करता उपचार कसे झाले? कोणावर झाले? त्यांच्याकडून रोख पैसे घेण्यात आले का? खुलासा येईपर्यंत दवाखान्याची बिलं थांबवण्यात येत आहेत.

पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं. मी वाचलं आणि मला वाटलं, यंत्रच थांबलंय... यंत्र चालू होतं, माझेच कान बंद झाले होते. मी म्हणालो, "मॅडम, ही ओळ मी..." "हो, कळलं मला. भाषा तुमचीच आहे." त्या बराच वेळ पत्राची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाक्य चांगलं आहे, सर. पण अर्जात चांगलं वाक्य लिहायचं नसतं." त्यानंतर या ओळीवरून त्या मला कधीही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग कचेरीतून रुग्णांना फोन सुरू झाले. डॉक्टरांनी पैसे घेतले का, विचारायला. ज्यांनी आयुष्यात कचेरीचा फोन घेतला नव्हता ती माणसं घाबरून गेली. कोणी फोन बंद करून ठेवला, कोणी बायकोच्या हातात दिला. हिलालभाऊंनी मात्र छाती काढून उत्तर दिलं, आणि वॉर्डात येऊन आम्हाला सांगितलं, "मैंने बोल दिया साहब को, मॅडम पैसे क्या लेंगी, मॅडमच हमको रिक्षा का भाडा देती है!" मंगूसिस्टरने कपाळाला हात लावला. चारच दिवसांत दुसरं पत्र आलं, की रुग्णांना दवाखान्याकडे ओढण्यासाठी पैसे देण्यात येतात काय. डॉक्टर ते वाचून हसल्या, त्या महिन्यातलं ते पहिलं हसणं. म्हणाल्या, "हिलालभाऊ, तुम्ही आणि सर मिळून मला आत घालणार." हिलालभाऊंना काही कळेना. "मी चुकीचं काय बोललो, सर?" त्यांनी मला विचारलं.

त्या दोन महिन्यांची भीती मी नीट सांगू शकत नाही. सोमवार-गुरुवारी टोकरखाड्याच्या वळणावर आलो की मी चष्मा पुसायचो आणि शटर वर आहे का ते पाहायचो. वर दिसलं की पाय पुन्हा चालू लागायचे. डॉक्टर पिशवीत वह्या भरून कचेरीत जायच्या, बाकावर बसायच्या, परत यायच्या. फिल्टर येणं बंद झालं नाही. ते त्या कुठून आणतात हे मी विचारलं नाही. त्यांचा चेहरा उतरला होता. जिना चढताना त्या मध्ये थांबायच्या. मंगूसिस्टर म्हणायची, "मॅडम, एकदा स्वतःचा कार्डिओग्राम काढा." त्या म्हणायच्या, "हे मिटू दे."

मिटलं ते असं. कचेरीतून एक अधिकारी तपासणीला आले. डॉक्टरांनी त्यांना आपल्या खोलीत नेलंच नाही, नोंदणीच्या टेबलाशी खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "आप बस बैठिए." सकाळची आमची रांग लागली होती. हिलालभाऊंनी अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा लाल. चौथ्यांदा अधिकारी म्हणाले, "ठीक से दबाओ." मंगूसिस्टरने पातेलं पुढे केलं, पाणी कोपराने पाहिलं, हात बुडवून घेतला. पाचव्यांदाही लाल. सहाव्यांदा हिरवा. अधिकाऱ्यांनी विचारलं, "ये रोज का है?" "रोज," सिस्टर म्हणाली. त्यांनी स्वतःचा अंगठा पाहिला, मग हिलालभाऊंचा हात हातात घेऊन उलटा करून पाहिला. त्यानंतर ते दुपारपर्यंत बसले. वेगळी वही त्यांनी पानोपान वाचली. अर्जात लिहिलेलं सगळं एकेक करून मागून पाहिलं. मग ते निघाले. आम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, पण त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. खुलासा मान्य. बिलं मोकळी. आणि दरातली कपात स्थगित, 'अगले आदेश तक'. वॉर्डात हिलालभाऊंनी टाळ्या वाजवायला घेतल्या, पण एक हात बांधलेला, म्हणून मांडीवरच थाप मारली. डॉक्टर माझ्या खाटेशी आल्या. "सर, तुम्ही भाषा शिकवता. 'अगले आदेश तक' म्हणजे कधीपर्यंत?" मी म्हणालो, "माहीत नाही, असा त्याचा अर्थ." त्या म्हणाल्या, "मग चहा कमी करा. तोपर्यंत टिकायचंय."

हे सोमवारी झालं. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी त्या गेल्या.

त्यांचं हृदय आधीपासूनच नाजूक होतं असं वापीचे डॉक्टर म्हणतात. बायको म्हणते, एका ओळीने कोणी मरत नाही. मला दोघांचंही पटतं, आणि रात्री झोप लागत नाही. त्या दोन महिन्यांत त्या कचेरीच्या बाकावर बसल्या नसत्या, तर सिस्टरचं ऐकून कार्डिओग्राम काढायला त्यांना एक सकाळ मिळाली असती. हा हिशेब मला कोणी सोडवून देऊ शकत नाही, आणि मीही कोणाला सोडवायला देणार नाही.

सध्या वापीचे डॉक्टर येतात. कागदांवर तात्पुरतं त्यांचं नाव लागलं आहे. डॉक्टरांचा मुलगा पुण्याला असतो. दवाखान्याचं काय करायचं याबद्दल तो अजून काही बोललेला नाही, आणि आम्ही विचारत नाही. दराची फाईल पुन्हा निघाल्याचं ऐकतो. मी नवा अर्ज लिहायला घेतला आहे. त्यात पाणी, फिल्टर, नर्स आणि चार तास एवढंच आहे. एक ओळ लिहिली होती त्यांच्याबद्दल, ती खोडली. ती ओळ मग या लेखाची सुरुवात झाली.

मंगूसिस्टर सकाळी पावणेआठला पातेल्यात पाणी ओतते आणि कोपराने पाहते. हिलालभाऊंचा अंगठा कधी जुळतो, कधी जुळत नाही. नाही जुळला की सिस्टर वेगळ्या वहीत नाव लिहिते. अगला आदेश अजून आलेला नाही. आज सकाळी शटर वर होतं.